विंडोज नव्याने टाकायचंय, पण डी-ई-एफमधलं काही जाता कामा नये

अक्षरजुळणी:
नमस्कार मंडळी. सांगलीत माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका, स्मरणिका. संगणक २०१८ साली असेंबल करून घेतलेला आहे: आठव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्डडिस्क, विंडोज १०. जोडणाऱ्याने सीला १०० जीबी दिले आणि उरलेल्या जागेचे डी, ई, एफ असे तीन भाग केले. सी कधीचा लाल झालाय, म्हणजे भरत आलाय. कोरल (पत्रिकांची मांडणी करायचं सॉफ्टवेअर) उघडायला लागलं की तेवढ्यात चहा पिऊन होतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. याच संगणकावरून बँकेचे व्यवहारही होतात, त्यामुळे आता टाळायचं नाही असं ठरवलंय. ५०० जीबीचा साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणून ठेवलाय. त्यावर विंडोज ११ टाकायचं आणि जुनी हार्डडिस्क कामाच्या फाइलींसाठी आहे तशी ठेवायची, असा विचार आहे. पण मायक्रोसॉफ्टचं तपासणी ॲप म्हणतं की तुमचा संगणक चालणार नाही. टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) नाही आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) नाही, अशी दोन कारणं दाखवतं.

डी-ई-एफमध्ये जुन्या कामांच्या फाइली आहेत. त्यातल्या बऱ्याच श्रीलिपीत (मराठी टंकनाचं सॉफ्टवेअर) आणि शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. गिऱ्हाईक आलं की 'मागच्या वर्षीचीच काढा, तारीख बदला' म्हणतं, त्यामुळे यातलं काहीच गमावून चालणार नाही. क्रमाने काय काय करू?

गोदाकाठ:
ताई, एवढं घाबरण्यासारखं काही नाही. फॉरमॅट फक्त सीला मारायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही. डी-ई-एफ त्यासाठीच तर करतात. मी घरच्या आणि नातेवाइकांच्या संगणकांवर वर्षानुवर्षं असंच करत आलोय.

निळाबिंदू:
गोदाकाठ, या सवयीबद्दल मला आधी बोलायचंय, कारण आपल्याकडे ती फार खोल रुजली आहे. डी वेगळा ठेवला की विंडोज बिघडल्यावर फाइली वाचतात, हे खरं. पण सी आणि डी हे एकाच डिस्कवर आखलेले भाग आहेत. मोटर एक, वाचणारं हेड एक, सर्किट एक. डिस्क गेली की चारही अक्षरं एकदम जातात. शिवाय पार्टिशन, म्हणजे असा प्रत्येक भाग, कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं याचा तक्ताही एकच असतो. विंडोज टाकताना एक चुकीचं 'डिलीट' दाबलं की डीसुद्धा जातो. पार्टिशन म्हणजे बॅकअप नव्हे.

अक्षरजुळणीताई, तुमची डिस्क २०१८ ची आहे आणि रोजच्या वापरातली आहे. म्हणून पहिलं काम विंडोजचं नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन उतरवून डिस्कची तब्येत बघा. 'रीॲलोकेटेड सेक्टर्स' (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि 'करंट पेंडिंग सेक्टर्स' (वाचताना अडणाऱ्या जागा) या दोन ओळींत शून्य असेल तर ठीक. पेंडिंगचा आकडा शून्याच्या वर असेल, तर त्या डिस्कवर फाइली 'आहे तशा' ठेवण्याचा विचार सोडा आणि आजच सगळं दुसरीकडे उतरवून घ्या.

तब्येत चांगली निघाली तरी डी-ई-एफ बाहेरच्या डिस्कवर उतरवायचंच. उतरवून झालं की मूळ फोल्डर आणि प्रत, दोन्हींच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का पाहा. मग ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून चार-सहा फाइली उघडून बघा. फाइली उघडल्या की मगच त्याला बॅकअप म्हणायचं.

आता सी. लोकांना वाटतं सीमध्ये फक्त विंडोज असतं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळं सीमध्येच, 'युजर्स'खाली तुमच्या नावाच्या फोल्डरात असतं. ब्राउझरमधले पासवर्ड, कोरलचे तुमचे ठरावीक टेम्प्लेट, रंगांची पॅलेट, हेही तिथेच. टॅली वापरत असाल तर तिचा डेटा नेमका कुठे साठतोय ते टॅलीतूनच बघून घ्या, अंदाजाने फोल्डर उचलू नका. कोरलचा परवाना तुमच्या खात्याला जोडलेला असेल तर जुन्या विंडोजमध्ये साइन आउट करून ठेवा. डिजिटल सहीचं टोकन असेल तर सही टोकनमध्येच राहते, पण त्याचा ड्रायव्हर पुन्हा लागतो. सही टोकनऐवजी विंडोजमध्येच बसवलेली असेल तर तिची फाइल आधी काढून ठेवा.

आणि फॉन्ट. तुमच्यासाठी मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटते. श्रीलिपी, शिवाजी यांच्यासारखे जुने फॉन्ट युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठी ठरलेली एकच सांकेतिक पद्धत) नव्हेत. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. फाइल शाबूत राहिली आणि फॉन्ट गेला, तर 'शुभविवाह'च्या जागी निव्वळ इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. मजकूर तिथेच असतो, पण वाचता येत नाही. विंडोज फोल्डरातला 'फॉन्ट्स' फोल्डर अख्खा उतरवा. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून फॉन्ट फक्त स्वतःच्या खात्यापुरता बसवता येतो. असे फॉन्ट तिथे सापडत नाहीत. ते 'युजर्स'मधल्या तुमच्या फोल्डरात, लपवलेल्या 'ॲपडेटा'च्या आत 'लोकल', 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज', 'फॉन्ट्स' अशा वाटेने मिळतील. तोही घ्या.

अक्षरजुळणी:
निळाबिंदू, फार आभार. डिस्क तपासली, दोन्ही ओळींत शून्य आहे. बाहेरची डिस्क मागवलीय. वैयक्तिक फोल्डरातल्या फॉन्टची मला कल्पनाच नव्हती. तिथे पत्रिकांसाठी रोज वापरते ते कितीतरी सुलेखनाचे फॉन्ट निघाले.

आता टीपीएमचं सांगा. नवा मदरबोर्ड घ्यावा लागेल का? इथल्या एका दुकानात तसंच सांगितलं.

निळाबिंदू:
बोर्ड बदलू नका. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि पुढचे बहुतेक प्रोसेसर चालतात, तुमचा त्यात बसतो. या पिढीत टीपीएम वेगळी चिप म्हणून नसलं तरी प्रोसेसरच्या जोडीला असतं, फक्त असेंबल केलेल्या संगणकांत ते बंद ठेवलेलं असतं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन 'इंटेल पीटीटी' किंवा 'प्लॅटफॉर्म ट्रस्ट टेक्नॉलॉजी' शोधा आणि चालू करा.

सिक्युअर बूटची गोष्ट थोडी निराळी आहे. तुमच्या जोडणाऱ्याने विंडोज १० जुन्या लेगसी पद्धतीने टाकलंय. तेव्हा सर्रास असंच टाकायचे. खात्री करायची तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'डिस्क ०' वर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, 'व्हॉल्यूम्स'. तिथे पार्टिशन स्टाइल एमबीआर दिसेल. एमबीआर हा १९८३ पासूनचा तक्ता आहे. त्यात चारच प्रायमरी पार्टिशन मावतात आणि साधारण २ टीबीच्या पुढची जागा मोजता येत नाही. नवी जीपीटी पद्धत विंडोजमध्ये १२८ पार्टिशनपर्यंत जाते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवते. यूईएफआय या नव्या बूट पद्धतीने विंडोज टाकायचं तर डिस्क जीपीटीच लागते.

तुमचा एसएसडी कोरा आहे, म्हणजे यात अडचण नाही. बायोसमध्ये सीएसएम (जुनी लेगसी पद्धत चालवून घेणारी सोय) बंद केलं की संगणक यूईएफआयने चालेल, मग सिक्युअर बूट चालू करता येईल. पण सीएसएम बंद केल्यावर जुनं विंडोज १० सुरू होणार नाही. घाबरू नका, ते जागच्या जागी असतं. सीएसएम परत चालू केलं की तेही परत सुरू होतं. ही परतीची वाट आहे, ती मोडू नका. नव्या विंडोजवर सगळी कामं सुरळीत होईपर्यंत जुन्या सीला हात लावायचा नाही.

रानपाखरू:
दुकानाबद्दल बोलणं निघालंय म्हणून सांगते. आमच्या गावात एका दुकानात माझ्या भावाने लॅपटॉप दिला होता, 'डी ठेवा, फक्त सी करा' असं बजावून. परत आला तेव्हा सगळ्या डिस्कचा मिळून एकच ड्राईव्ह. 'पार्टिशन दिसत नव्हतं म्हणून नव्याने केलं' हे उत्तर मिळालं. भाचीच्या बारशाचे फोटो त्यातच होते. पुढे टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही गेलेल्या फाइली शोधणारी साधनं चालवून काही फोटो हाती लागले, तेही नावं आणि फोल्डर गेलेले. साधी हार्डडिस्क होती म्हणून तेवढं तरी मिळालं. एसएसडीवर फॉरमॅट झाल्यावर विंडोज ट्रिमची, म्हणजे 'हे भाग आता नकोत' अशी, सूचना पाठवतं आणि ड्राईव्ह ते भाग पुसून टाकतो, मग हाती काही लागत नाही. कोणावर असा प्रसंग आलाच तर त्या डिस्कवर पुढे एक फाइलही लिहू नका. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावा आणि सापडलेल्या फाइली तिसऱ्याच डिस्कवर उतरवा.

गोदाकाठ:
रानपाखरूंचा प्रसंग वाचून वाईट वाटलं. निळाबिंदूंचं म्हणणं पटलं. आमच्या घरचे फोटो डीमध्येच आहेत आणि दुसरीकडे कुठेही नाहीत. या आठवड्यात बाहेरची डिस्क घेतोय.

एक शंका. नव्या एसएसडीचे किती भाग करावेत? मी नेहमी सीला १०० देऊन बाकी डी करतो.

तळ्याकाठी:
माझं मत: एसएसडीचा एकच सी ठेवा. पूर्वी भाग पाडण्यात अर्थ होता, डिस्क फिरायची आणि सुरुवातीचा भाग जास्त वेगाने वाचला जायचा. एसएसडीत जागेनुसार वेग बदलत नाही. भाग पाडले की उलट एकीकडे जागा रिकामी आणि दुसरीकडे लाल पट्टी, हेच होतं.

निळाबिंदू:
एकच डिस्क असलेल्या लॅपटॉपवर मी अजूनही डी वेगळा करेन, विंडोज पुन्हा टाकणं सोपं जातं म्हणून. पण ताईंकडे वेगळी हार्डडिस्क आहेच, तेव्हा त्यांच्यासाठी तळ्याकाठींचंच बरोबर.

कोणाला दोन भाग करायचेच असतील तर सीला सुरुवातीलाच भरपूर जागा द्या. कारण असं. विंडोज यूईएफआयने टाकलं की ते स्वतःहून लहान लहान पार्टिशन करतं: सुरुवातीला १०० एमबीचं ईएफआय (बूटच्या फाइलींचं), मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये न दिसणारं १६ एमबीचं एमएसआर (विंडोजसाठी राखीव), मग सी, आणि सीला लागून उजवीकडे रिकव्हरी (दुरुस्तीच्या साधनांचं). डिस्क मॅनेजमेंट एखादा ड्राईव्ह वाढवतं ते त्याच्या लगेच उजवीकडे मोकळी जागा असेल तरच. डी आकसवला तर जागा डीच्या उजव्या टोकाला सुटते. म्हणजे सी आणि ती जागा यांच्यामध्ये रिकव्हरीही उभी आणि डीही उभा. 'एक्स्टेंड' करडं का दिसतं असं सगळे विचारतात, त्याचं कारण हे.

आणि ते रिकव्हरी पार्टिशन फालतू समजून उडवू नका. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं एक सुरक्षा अपडेट पुष्कळ संगणकांवर बसेना, ते रिकव्हरीला जागा अपुरी पडली म्हणूनच. लोक मग सी आकसवून रिकव्हरी मोठी करत बसले होते.

अक्षरजुळणी:
बाहेरची डिस्क आली, सगळं उतरवलं, भाच्याच्या लॅपटॉपवर फाइली उघडून पाहिल्या. पीटीटी सापडलं, चालू केलं. आता प्रत्यक्ष टाकताना कोणत्या ड्राईव्हवर क्लिक करायचं याचीच धास्ती वाटते. दोन्ही डिस्क एका यादीत दिसणार ना?

निळाबिंदू:
दिसू देऊच नका. संगणक बंद करा, मागची वायर काढा, कॅबिनेटची बाजू उघडा आणि हार्डडिस्कला जाणारी साटा केबल काढून ठेवा. लाल किंवा काळी, बोटभर रुंदीची चपटी केबल असते. खटक्याची असेल तर खटका दाबूनच ओढा. पॉवरची केबल राहिली तरी चालेल. आता विंडोजला फक्त एसएसडी दिसेल आणि डी-ई-एफला धक्का लागण्याची शक्यताच उरणार नाही. दुसराही फायदा आहे. दोन डिस्क जोडलेल्या असल्या की विंडोज कधी कधी सी एकीकडे आणि बूटची फाइल दुसरीकडे टाकतं. पुढे ती दुसरी डिस्क काढली की संगणक सुरूच होत नाही.

कोणाला केबल काढणं शक्य नसेल, लॅपटॉप असेल, तर अक्षरावर विश्वास ठेवू नका. सेटअपमध्ये तुमचं डी, ई काही दिसत नाही, 'डिस्क ०, पार्टिशन २' असं दिसतं. आकारावरून ओळखा. ५०० जीबीची डिस्क साधारण ४६५ दिसते आणि १ टीबीची ९३१. विकणारा जीबी १००० च्या हिशेबाने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून हा फरक. निघण्याआधी डिस्क मॅनेजमेंटच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, सेटअपच्या वेळी तो हाताशी असू द्या.

८ जीबीचा किंवा मोठा पेनड्राईव्ह घ्या, तो पूर्ण पुसला जाईल. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने तो तयार करा. बोर्डाच्या संकेतस्थळावरून लॅनचा ड्रायव्हर उतरवून वेगळ्या पेनड्राईव्हवर ठेवा, कारण सेटअप मध्येच इंटरनेट मागतं आणि ड्रायव्हर नसला तर तिथेच अडकतं. आवृत्ती विचारली की आत्ता आहे तीच निवडा, होम असेल तर होम. आत्ताच्या सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनपाशी 'डिजिटल लायसन्स' दिसत असेल तर बोर्ड तोच असल्यामुळे नवं विंडोज इंटरनेट मिळताच आपोआप ॲक्टिव्हेट होईल, डिस्क बदलली तरी. ड्राईव्हच्या यादीत 'अनअलोकेटेड स्पेस' निवडून सरळ 'नेक्स्ट' दाबा, पार्टिशन ते स्वतः करेल.

अकराव्या पिढीच्या आणि पुढच्या इंटेल लॅपटॉपवाल्यांना या टप्प्यावर यादी रिकामीच दिसू शकते. एसएसडी बिघडला असं समजू नका. इंटेल व्हीएमडी ही एसएसडी हाताळणारी सोय चालू असते, तिचा रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राईव्हवरून 'लोड ड्रायव्हर'ने द्यावा लागतो.

दर्यावर्दी:
मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली वापरतो. कोरल आणि श्रीलिपी त्यावर सरळ चालत नाहीत, म्हणून ताईंना तो सल्ला देत नाही. पण मिंटचा एक लाइव्ह पेनड्राईव्ह प्रत्येकाच्या घरात असावा. विंडोज सुरू होत नसलं तरी त्यावरून संगणक चालू करून फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवता येतात, काहीही न टाकता. त्याआधी विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद असेल तर उत्तम. नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्सला तो ड्राईव्ह फक्त वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही. नुसतं उतरवून घ्यायला तेवढं पुरतं.

दोन्ही शेजारी शेजारी ठेवणाऱ्यांसाठी एक: लिनक्सहून विंडोजवर आलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं. बॅटरी गेलेली नसते. लिनक्स बोर्डाच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ लिहायला सांगितलं की फरक मिटतो.

अक्षरजुळणी:
झालं! विंडोज ११ बसलं, आपोआप ॲक्टिव्हेटही झालं. कोरल आता क्लिक करताच उघडतं, माझा विश्वास बसत नाहीये. केबल परत जोडली, सगळ्या फाइली दिसतायत.

तीन अडचणी आहेत. पहिली, जुना सी आता डी झालाय आणि माझा डी ई झालाय, त्यामुळे कोरलच्या जुन्या फाइली उघडताना जोडलेली चित्रं सापडत नाहीत. दुसरी, शासकीय नमुने मंगल फॉन्टमध्ये असतात, तो यादीतच नाही. तिसरी, श्रीलिपीचं डोंगल (परवान्याची किल्ली) लावलं तर ड्रायव्हर चालत नाही म्हणतंय.

निळाबिंदू:
अभिनंदन ताई! अक्षरांचं सोपं आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ड्राईव्हवर उजवं क्लिक करून 'चेंज ड्राईव्ह लेटर'. आधी जुन्या सीला झेडसारखं दूरचं अक्षर द्या म्हणजे डी मोकळा होईल, मग मूळ डीला डी, मग ई, मग एफ. शेवटच्या अक्षरावर डीव्हीडी किंवा कार्ड रीडर बसलेला असेल तर त्यालाही आधी हलवा. अक्षर बदलल्याने आतल्या फाइलींना काही होत नाही. नव्या सीचं अक्षर मात्र तसंच राहू द्या.

मंगल आता विंडोजबरोबर आपोआप येत नाही. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स शोधा, त्यात मंगलबरोबर कोकिळा, अपराजिता, उत्साहही मिळतील. भाषांमध्ये मराठी जोडलं तरी ते सगळे येतात, वर इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्डही.

डोंगलसाठी आधी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून नवा ड्रायव्हर मिळतो का विचारा. 'विंडोज सिक्युरिटी'त 'कोअर आयसोलेशन'खाली 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचं संरक्षण आहे, जुने ड्रायव्हर ते अडवतं. ते बंद करून जुना ड्रायव्हर चालू शकेल, पण याच संगणकावर तुम्ही बँकेचे व्यवहार करता, म्हणून तो शेवटचा उपाय ठेवा.

आणि आजच एक गोष्ट बघा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नवं टाकताना मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की ड्राईव्ह आपोआप कुलूपबंद होऊ शकतो. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू दिसलं तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती कागदावर छापून कपाटात ठेवा. उद्या बायोसमध्ये काही बदललं किंवा बोर्ड गेला, तर त्या कीशिवाय ड्राईव्ह उघडत नाही, आणि ती कोणी काढूनही देऊ शकत नाही.

अक्षरजुळणी:
अक्षरं जागेवर आली, चित्रं सापडली, मंगलही आला. नव्या ड्रायव्हरसाठी पुण्याला विचारलंय. एन्क्रिप्शन चालू होतं, की छापून घेतली.

शेवटचा प्रश्न. जुन्या सीचे १०० जीबी कधीतरी मोकळे करायचेत. ते डीला जोडता येतील का?

निळाबिंदू:
विंडोजच्या साधनाने नाही. ती जागा डीच्या डावीकडे आहे. जीपार्टेड या लिनक्सच्या पार्टिशन साधनाने डीची सुरुवात मागे सरकवता येते, पण तेव्हा डीमधला सगळा डेटा उचलून पुढून मागे लिहिला जातो. त्याला कित्येक तास लागतात, आणि मध्येच वीज गेली तर डी जाऊ शकतो. १०० जीबीसाठी हे करू नका. डिस्क मॅनेजमेंटने 'डायनॅमिक डिस्क करू का' असं कधी विचारलं तर त्यालाही नाही म्हणा.

एक-दोन महिने नव्या विंडोजवर काम करून बघा. जुन्या 'युजर्स' फोल्डरातलं काही राहिलं नाही ना, फॉन्ट सगळे आले ना, हे पाहा. मग जुन्या सीला तिथल्या तिथे फॉरमॅट मारा, जी असं अक्षर द्या आणि गिऱ्हाइकांकडून येणारे फोटो, छपाईला पाठवायच्या पीडीएफ असलं तात्पुरतं सामान त्यात ठेवा. त्याच्या डावीकडचं 'सिस्टिम रिझर्व्ह्ड' तसंच पडून राहू द्या, त्याची जागा नगण्य आहे. फॉरमॅट करण्याआधी बाहेरच्या डिस्कवर डी-ई-एफची ताजी प्रत घ्या.

अक्षरजुळणी:
ठीक, तसंच करते. बाहेरची डिस्क आता दर शनिवारी जोडायची आणि काम झालं की काढून घरी न्यायची, असं ठरवलंय. दुकानात ठेवणार नाही.

गोदाकाठ:
आमच्याही डिस्कवर फोटो उतरवून झाले. तपासताना जुन्या डिस्कवर पेंडिंग सेक्टर्स दिसले, म्हणून ती बदलायलाच टाकलीय. निळाबिंदू, नवी डिस्क जीपीटी करू की एमबीआर?

निळाबिंदू:
फक्त डेटासाठी असली तरी जीपीटीच करा. नवी डिस्क जोडल्यावर डिस्क मॅनेजमेंट स्वतःहून विचारतं, तिथेच निवडा. विचारताना कोणत्या डिस्कबद्दल विचारतंय तो क्रमांक आणि आकार मात्र वाचून घ्या.